बेल होईपर्यंत

शोकांतिकेचा शेवटचा अंक वर्गात वाचताना माझा एक नियम असे. चिठ्ठ्या टाकून भूमिका वाटायच्या. ज्याचं पात्र मेलं, त्याने बाकावर डोकं टेकायचं आणि बेल होईपर्यंत उचलायचं नाही. शेजाऱ्याने त्याला हातही लावायचा नाही. मुलांना मजा वाटे आणि मला जरा शांतता मिळे.

अकरा वर्षांपूर्वी राणीची चिठ्ठी चिमणीला आली. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू, म्हणून चिमणी. खिडकीजवळच्या बाकावर तिने डोकं टेकलं. थोड्या वेळाने शेजारीण म्हणाली, "बाई, ही थंड लागतेय."

"मेलेली माणसं थंडच असतात. आणि हात का लावलास? बस खाली."

वर्ग खो खो हसला. मीही हसले. चिमणीचं हृदय बंद पडलंय हे कळायला आणखी पंधरा मिनिटं गेली. मग एकच धावपळ उडाली, शाळा सोडून दिली. त्या गडबडीत शिपायाने त्या तासाची बेल दिलीच नाही.

तेव्हापासून मी चौथ्या अंकावर पुस्तक मिटते. या वर्षी मात्र माझी भाची वर्गात आली आणि माझ्या डोक्यावर बसली. "मावशी, पाचवा अंक वीस मार्कांना आहे. घरी कोण वाचतं गं?" तिला लहानपणापासून साखरेचा त्रास, रोज इंजेक्शन. तिची जेवायची वेळ टळली की माझा जीव टांगणीला लागतो. तिला नाही म्हणणं मला कधी जमलं नाही.

चिठ्ठ्या टाकल्या. राणी भाचीलाच आली. तेव्हाच थांबायला हवं होतं.

नियमाबद्दल मी चकार शब्द काढला नव्हता. तरी पहिला सरदार मेला आणि त्या पोराने मुकाट डोकं टेकलं.

"हे कोणी सांगितलं रे तुला?"

"मागून कुणीतरी म्हणालं, बाई."

मग राणी गेली, राजा गेला, राजपुत्र गेला. चार मेले. मी डोकी मोजली तर पाच. पाचवं खिडकीजवळच्या रिकाम्या बाकावर होतं. दोन वेण्या, लाल रिबिनी. आमच्या शाळेत रिबिनी निळ्या होऊन नऊ वर्षं झाली. तिचं तोंड माझ्या भाचीकडे वळलेलं होतं.

"बाई, ही थंड लागतेय."

वर्गात कुणाचेही ओठ हलले नव्हते. या वेळी मी उलट बोलले नाही. धावत भाचीपाशी गेले. तिची मान घामाने भिजलेली होती आणि गार पडली होती. हाका मारल्या तरी ती उठेना.

सकाळच्या घाईत इंजेक्शन घेतलं आणि डबा तसाच राहिला, एवढंच झालं होतं. "बेलची वाट बघत बसला असतात तर हाती काही लागलं नसतं," डॉक्टर म्हणाले.

भाचीने डोळे उघडल्यावर मी शाळेत परतले. वर्ग रिकामा होता. मी शिपायाला बेल द्यायला सांगितली.

"आता? कुठल्या तासाची, बाई?"

"राहून गेलीय एक. द्या हो."

बेल झाली. मी खिडकीजवळ जाऊन उभी राहिले.

"ऊठ गं बाळा," मी म्हणाले. "माझं चुकलं. झाली बघ बेल."

बाक हळूच करकरला.