एकदा पास झालेलं कुलूप

मी एक जुनी फ्लॉपी आहे, मित्रांनो. काळी, चौकोनी, पापडासारखी पातळ. १९८८ साली ब्रह्मपुरीजवळच्या एका कुष्ठरोग दवाखान्याला कुणीतरी संगणक देणगी दिला. रोग्यांची नावं त्याच्या पोटात असायची आणि पासवर्डाशिवाय ती कुणालाही दिसायची नाहीत, असं ठरलं होतं. पण एक खोड निघाली. पासवर्ड विचारत असतानाच एस्केपची कळ दाबली, की नावं उघडी पडायची.

संगणक चालवणाऱ्या अन्नपूर्णाबाईंनी ती फट बुजवली आणि मग माझ्यावर तपासणीचा एक छोटा प्रोग्राम लिहिला. प्रोग्राममध्ये काहीही बदललं, की मला आत सरकवायचं आणि मी जुन्या सगळ्या चोरवाटा पुन्हा चाचपायच्या. नवं शिवताना जुनं उसवतं, हे बाईंना ठाऊक होतं. अशी एक उसवण मी पकडली, तेव्हा माझं पाकीट पदरानं पुसत त्या म्हणाल्या, "माही गुणाची बाय!"

कारकून लटारूभाऊ हसायचे. "बाई, मॅट्रिक पास झालेल्या पोराले पुन्हा पुन्हा परीक्षेले बसवता काय?"

"बसवा लागते, भाऊ. मी नसली तरी हिले विसरू नोका."

बाई बाळंतपणाला चिमूरला माहेरी गेल्या. इकडे नागपूरहून एक माणूस आला, नव्या गावांसाठी प्रोग्राम बदलून गेला. मी खणात वाट पाहत राहिले. लटारूभाऊ म्हणाले, "ते कुलूप तं एकदा पास झालं नं!" खण उघडलाच नाही.

मग मंगरू मास्तर खरजेचं औषध घ्यायला आले. आमच्याकडं उपचार घेतलेल्या सुकरीचं लग्न त्यांच्याच पुतण्याशी ठरलं होतं. ती केव्हाच बरी झाली होती. बसल्या बसल्या मास्तरांनी गंमत म्हणून कळा दाबल्या, त्यात एस्केपही. नव्या बदलात जुनी फट पुन्हा उसवली होती. पडद्यावर सुकरीचं नाव आलं, गावासकट.

लग्न मोडलं. सुकरी दारात येऊन उभी राहिली. "भाऊ, मी बरी झाली म्हणून तुमीच सांगतलं होतं नं? मंग त्यायनं काऊन मोडलं?"



आपलंही नाव दिसेल, या धास्तीनं बाकीचे रोगीही यायचे थांबले. अन्नपूर्णाबाई तान्ह्याला घेऊन परतल्या, फट बुजवली, मला चालवलं. सगळं ठीक निघालं. पण बाक रिकामेच. सुकरीच्या धाकट्या बहिणीच्या हातावर बधिर चट्टा उठलाय म्हणे. वेळेत गोळ्या घेतल्या नाहीत तर या रोगात बोटं वाकतात, आणि इथं त्या फुकट मिळतात. बाई तिच्या घरी दोनदा जाऊन आल्या. तिनं हात पदराखालून काढलाच नाही.

मित्रांनो, कुणाची लाज राखायचं काम हाती आलं, तर काल नीट होतं म्हणून आज पाहायचं सोडू नका. मी फक्त फट दाखवते. वाकलेली बोटं मला सरळ करता येत नाहीत.