प्लॅटिनमची तार

पाच आठवडे मी त्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं. खूण म्हणून ते पुस्तकात घातलं, आणि पुस्तक मिटलं ते मिटलंच.

सोळा तारखेला सकाळी कपाट आवरताना धाकट्या बहिणीच्या हाती ते लागलं. "दादा, ही मुलगी तुला 'आदरणीय' म्हणतेय. कुणी आदर दिला की वाचा बसते का रे तुझी? आणि वीस तारीख लिहिलीय बघ."

वीस तारीख मला पाठ होती.

मुलगी दुसऱ्या विद्यापीठात पीएच.डी. करत होती. फ्युएल सेलमध्ये, म्हणजे हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या घटात, ऑक्सिजनचं क्षपण घडवायला महागडं प्लॅटिनम लागतं. ग्राफीनवर कोबाल्ट ऑक्साइडचे कण चढवले की त्याच्याच तोडीचा स्वस्त उत्प्रेरक मिळतो, असा माझा लेख आहे. माझं जे काही नाव झालं, ते त्या एका लेखामुळे. तिने माझ्या कृतीने अकरा वेळा उत्प्रेरक बनवला. एकदाही तो तसा चालला नाही. 'माझ्या हातालाच सफाई नाही, असं गाईड म्हणतात. वीस तारखेला समिती मला काढून टाकेल. तुमचा समोरचा इलेक्ट्रोड कशाचा होता, एवढं कळवाल का? लेखात ते दिलेलं नाही.'

प्लॅटिनमच्या तारेचा. एवढंच लिहायचं होतं. पण प्रश्न वाचताच त्यामागची शंका मला कळली होती. ती तार द्रावणात कणाकणाने विरघळून उत्प्रेरकावर जाऊन बसत असेल, तर आमचा उत्प्रेरक चालत होता तो प्लॅटिनमच्याच जोरावर.

मी माझ्या जुन्या विभागात गेलो. विभागप्रमुख एकेकाळची माझी विद्यार्थिनी. लेखावर दुसरं नाव तिचं. तिला पत्र दाखवून शंका सांगितली.

"सर, तेव्हा सगळेच ती तार वापरायचे," ती म्हणाली.

"तपासलं कुणीच नाही."

"आणि निघालं तसं, तर? त्या लेखावर मला नोकरी लागली, सर."

मी उगाच चष्मा पुसत राहिलो. तिनेच कपाटातून त्या वेळच्या उत्प्रेरकाच्या काळ्या पुडीची जुनी बाटली काढली.

आधी तारेऐवजी ग्राफाइटची कांडी लावली. ऑक्सिजनचे बुडबुडे सोडले, इलेक्ट्रोड फिरू लागला. पडद्यावरचा वक्र उजवीकडे सरकला म्हणजे काम सुधारलं. 'हा उत्प्रेरक वापरता वापरता सुधारतो,' असं आम्ही लेखात मोठ्या ऐटीत लिहिलं होतं. बाकी सगळे वापराने झिजतात. आमचा तेवढा तरुण होत होता, आणि मला शंका आली नाही!

विद्युतदाब वरखाली करायच्या पाचशे फेऱ्यांना तीन तास लागले. सरक रे बाबा, असं मी मनात म्हणत होतो. पाचशेवा वक्र पहिल्यावर जाऊन बसला. तसूभर हलला नाही.

"पूड जुनी आहे, सर. मेली असेल."

"असेल. आता तार लाव."

इलेक्ट्रोड तोच, द्रावण ताजं, फक्त कांडी काढून तार. पन्नास फेऱ्या, काही नाही. शंभर, काही नाही. माझ्या जिवात जीव येऊ लागला, आणि त्याची लाजही वाटली. एकशे ऐंशीव्या फेरीला वक्र हलला.

"थांबवू का, सर?"

"नको."

तो उजवीकडे सरकत राहिला. चारशे फेऱ्या झाल्या तेव्हा तो लेखातल्या वक्रासारखा दिसत होता.

"पोरीचे अकराही बरोबर होते तर," ती हळूच म्हणाली. "तिच्याकडे ग्राफाइट असणार."

फोन करायची माझी हिंमत नव्हती. शिवाय समितीपुढे कागद लागतो. दोन्ही आलेख छापले आणि तिथेच लिहायला बसलो. 'तुमच्या हातात दोष नाही. चूक माझी आहे. लेख मागे घेण्यासाठी मी मासिकाला लिहीत आहे.'

तिने खांद्यावरून वाचलं. "'माझी' कशाला, सर? तार मी बसवली होती."

"बसव म्हणून मी सांगितलं होतं."

"मग अजूनही तुमचंच ऐकू का?" तिने माझ्या हातातलं पेन घेतलं, 'माझी' खोडून 'आमची' केलं आणि खाली सही केली. मी बाटलीचं झाकण लावत बसलो.

टपाल कचेरी बंद व्हायला दहा मिनिटं होती. खिडकीतल्या बाईंनी पाकीट तोललं.

"अठराला पोहोचेल ना?" मी दोनदा विचारलं.

"पोहोचेल हो, आजोबा. द्या ते आता," त्या म्हणाल्या. तेव्हा कळलं, पाकिटाचं एक टोक मी अजून धरून ठेवलं होतं. मी ते सोडलं.