ओट्याखालची भाकर

"भाकर वाढा ओऽ माय!"

हाक आली तेव्हा संजना कोपऱ्यावर शाळेच्या रिक्षातून आयुषला उतरवून घेत होती. एका हातात त्याचं दप्तर, दुसऱ्यात वॉटरबॅग. भिकारणीचा आवाज असता तर तिने मानही वर केली नसती. पण सकाळीच ह्या आवाजाने तिला, "पोरी, चहात साखर नाय गं," म्हणून सांगितलं होतं.

समोर राहणाऱ्या मोहिनीच्या दारात संजनाची सासू झुंबरबाई उभी होती. अनवाणी, डोक्यावरून पदर ओढलेला, हातात कांदे-बटाट्याची वेताची टोपली. ओट्याच्या पायऱ्या न चढता झुंबरबाई खाली थांबल्या होत्या, जरा बाजूला, भिंतीला अंग लागणार नाही अशा बेताने. मोहिनी तव्यावरची पोळी घेऊन लगबगीने बाहेर आली.

"अहो काकू, वर या ना! उन्हात काय उभ्या राहिलात?"

ती पोळी हातात द्यायला वाकली, तशा झुंबरबाई मागे सरल्या.

"वरून टाका, माय."

मोहिनीला काही कळलं नाही. संजनाला सगळं कळलं, आणि तिचं तोंड असं तापलं की जणू कुणी चुलीपुढे धरलंय.

लग्न होऊन ती एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या क्वार्टरमध्ये आली तेव्हापासून ही गोष्ट तिने सासूच्याच तोंडून ऐकली होती. सिन्नरकडचं गाव. घरावर गावकीच्या कामाची, गावासाठी राबायची पाळी आली की लहानपणी संध्याकाळी आजीबरोबर दारोदार जाऊन वस्तीसाठी भाकरी गोळा करायच्या. शिळ्या असत, कोरड्या असत, आणि शिवाशिव नको म्हणून वरून टोपलीत टाकलेल्या असत. पुढे धम्म घेतला, त्याच आठवड्यात झुंबरबाईंनी ती टोपली स्वतःच्या हाताने चुलीत घातली. "तिच्याच जाळावर चहा केला मी," त्या सांगायच्या, "असला गोड चहा जन्मात प्याले नाय." दिनेश, त्यांचा एकुलता एक, ह्या गोष्टीवरच वाढला. शाळेत मार खाऊन आला की आई त्याला पोटाशी धरून तीच गोष्ट सांगायची.

द्वारका चौकाजवळच्या डॉक्टरांनी वर्षापूर्वीच सांगून ठेवलं होतं, की त्यांच्या आठवणीतलं आधी नवं पुसलं जाईल, मग त्याच्या मागचं, मग त्याच्याही मागचं. हे पुसणं कुठवर जाईल, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. टोपली जाळल्याचं पुसलं गेलं. टोपली तेवढी राहिली.

"त्यांना भुकेचं भान राहत नाही गं हल्ली," असं काहीबाही पुटपुटत संजनाने सासूला दंडाला धरून घरी आणलं.

दिनेश ड्यूटीवरून आला, बुटाची नाडी सोडता सोडता त्याने ऐकलं, आणि त्याचा हात तिथेच थांबला.

"कुणाकुणाच्या दारात गेली?"

"मोहिनीच्याच. पण उद्या..."

"उद्या नाही." दुसऱ्या दिवशी त्याने लोखंडी जाळीच्या दाराला कुलूप आणलं.

"आणि कुणी विचारलं तर काय सांगू?"

"काहीही सांग. फक्त ते सांगू नकोस."

जेलरोडच्या ह्या कॉलनीत राहायला आल्यावरही त्यांनी काही लपवलं नव्हतं. बैठकीत बाबासाहेबांची तसबीर होती, दिवाळीला समोरून फराळाचं ताट येत होतं, चौदा एप्रिलला इथून खिरीचा डबा जात होता. सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. ह्या सोयीवरच गल्लीचं सगळं गोडीगुलाबीने चाललं होतं.

आठवडा गेला असेल नसेल, रिक्षाच्या कोपऱ्यावर संजना पोचली की बायकांचं बोलणं तुटायला लागलं. एके दिवशी खंडेराव मास्तरांच्या बायकोने आकाशाकडे बघत म्हटलं, "आमच्याकडे पण म्हातारं माणूस होतं बाई. पण दारोदार नाही फिरवलं हो आम्ही."

कुणीतरी फिस्सकन हसलं. सून सासूला उपाशी मारते, असा गल्लीचा निकाल लागला होता तर! संजनाला राग यायला हवा होता. पण लाज वाटावी अशी गोष्ट ही, की तिला सुटल्यासारखं वाटलं. निर्दयी सून ही शिवी निदान सगळ्या जातींत सारखीच असते.

मोहिनी संध्याकाळी घरी आली. दोघींची पोरं एकाच वर्गात, एकीला ताप आला तर दुसरी दोन्ही डबे भरायची, इतकी त्यांची मैत्री.

"संजना, मला खरं सांग. काकूंना वेळेवर जेवायला देतेस ना?"

"राहून जातं कधीकधी," संजना म्हणाली.

आपल्याच तोंडातून ते निघताना ती बघत राहिली. मोहिनीचा चेहरा पडला. भांडली असती तर बरं झालं असतं, पण ती एवढंच म्हणाली, "मग मी आणत जाईन." आणि खरंच रोज डबा घेऊन यायला लागली.

कुलुपामागे झुंबरबाईंची दुपार कशीबशी जायची. उन्हं उतरायला लागली की त्या जाळी धरून हलवायच्या. "उघड गं! पाळी आपली हाय. वस्ती उपाशी बसंल. आजी मारंल मला." आयुष घाबरून आईच्या पदराआड यायचा. पोटच्या पोराला आजीपासून लपवताना संजनाला स्वतःचीच किळस यायची, तरी किल्ली तिच्या कमरेलाच असायची.

रविवारी एकलहऱ्याहून जुनी शेजारीण मीना आली. क्वार्टरमध्ये दाराला दार लावून राहिलेली, त्यामुळे जिभेला हाड नसलेली.

"संजे, हे काय गं? तिजोरी बाळगलीयस की काय घरात?" तिने कुलूप हलवून पाहिलं. मग जाळीआडचे दोन सुरकुतलेले हात पाहिले आणि थट्टा तिच्या तोंडातच विरली.

संजनाने चहा टाकला आणि तो उकळून उकळून काळा होईपर्यंत सगळं सांगितलं. मीना आधी हसली, अगदी खो खो. मग पदर तोंडात कोंबून रडली.

"माझी आजी पण जायची गं. आमच्याकडे तर ते नाव पण काढू देत नाहीत. आणि तू काय सांगितलंस लोकांना? उपाशी ठेवते म्हणून? वा गं शहाणे!"

"मग काय सांगायला हवं होतं?"

उत्तर द्यायला मीनाने तोंड उघडलं तोच मागच्या दाराने मोहिनी डबा घेऊन आत आली. बाहेर जाळी खडखडत होती.

"मोहिनी, मी खोटं बोलले," संजना म्हणाली. मान वर करायची तिची छाती होत नव्हती. ती फरशीशी बोलत होती. "आई पोटभर जेवतात. त्या मागतात ती गावकीची भाकर. आमच्या लोकांना मागावी लागायची. तुमच्या लोकांच्या दारात."

'तुमच्या' हा शब्द इतक्या वर्षांत दोघींमध्ये कधी आला नव्हता. आता आला, आणि परत घेता येईना.

मोहिनीने डबा खाली ठेवला. पुन्हा उचलला. ह्या हातातून त्या हातात घेतला. तो आता कसा द्यायचा, हेच जणू तिला समजेनासं झालं होतं.

"म्हणजे काकू त्या दिवशी मला म्हणाल्या, वरून टाका..."

"हो."

"आणि गल्लीभर मीच सांगितलं, तू जेवायला देत नाहीस म्हणून. मीच सांगितलं गं, संजना."

"छान!" मीनाने नाक पुसलं. "दोघी एकाच माळेचे मणी. आता किल्ली काढ, नाहीतर म्हातारी गज उपटून काढेल."

कुलूप निघालं तशा झुंबरबाई टोपली घेऊन सरळ समोर गेल्या. मोहिनी मागच्या बाजूने धावत घरी पोचली होती. ह्या वेळी ती ओट्यावर थांबली नाही. पायऱ्या उतरून धुळीत आली, आणि वाकून तिने पोळ्या टोपलीत ठेवल्या. झुंबरबाईंनी चपापून तिच्याकडे पाहिलं.

घरी येऊन त्या अंगणात फतकल मारून बसल्या आणि वाटणी करू लागल्या. "ही लहानूच्या घरी. ही आंधळ्या चिमाजीची. ही बाळंतिणीला, तिला जरा मोठी." मीनाच्या हातावर एक तुकडा आला. मग मोहिनीकडे बघून त्या म्हणाल्या, "तू कुणाची गं? नवी दिसतीस वस्तीत. घे, लाजू नको." मोहिनीने दोन्ही हात पुढे केले.

तिसरा तुकडा संजनाच्या तळहातावर पडला. तो तिला तोंडाकडे नेता येईना. काहीही कर पण हात पसरू नको, हे बापाने तिच्या हाडामासात भिनवलं होतं.

तेवढ्यात फाटक वाजलं. ड्यूटीवरून दिनेश आला होता, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. उघडी जाळी पाहून त्याच्या कपाळाची शीर उठली. पण तो काही बोलायच्या आत झुंबरबाई गडबडीने उठल्या, वाट सोडून कडेला झाल्या आणि पदर सावरून खाली बघत म्हणाल्या,

"जोहार, मालक."

दिनेशने मागे वळून पाहिलं, आई कुणाला म्हणतेय ते बघायला. मागे कुणीच नव्हतं.

तो आत गेला. मोरीचा नळ कितीतरी वेळ नुसताच वाहत राहिला. संजनाला वाटलं, आत जावं. पण जाऊन काय तोंड दाखवावं ते सुचेना.

"खा की गं," झुंबरबाई कुजबुजल्या. "मालक गेले."

तिने खाल्लं. पोळी गारढोण झाली होती.

दुसऱ्या दिवशी दिनेश कामावर जाताना जाळी ओढून घ्यायला थबकला, आणि तशीच उघडी टाकून, बायकोकडे न बघता निघून गेला. दुपार कलल्यावर झुंबरबाई निघाल्या, त्यांच्यामागे संजना. मोहिनी आपल्या ओट्याखाली वाट बघतच होती. तिथे न थांबता म्हातारी पुढे चालत गेली, ती मास्तरांच्या दारात.

"भाकर वाढा ओऽ माय!"

मास्तरीणबाई बाहेर आल्या. कमरेवर हात. "काय गं संजना, आजही उपाशीच का?"

मोहिनी पुढे होऊन काही बोलणार, तोच संजनाने तिचा हात दाबला.

"जेवल्यात त्या," ती म्हणाली. आवाज चिरकला. "आजारी आहेत. पोटाला नाही, वस्तीसाठी मागताहेत. लहानपणी मागायच्या तशा."

मास्तरीणबाईंचे हात कमरेवरून खाली आले. झुंबरबाईंनी सुनेच्या पदराला हिसका दिला.

"गप ऱ्हा, पोरी. मागताना बोलायचं नसतं."

संजना बोलत राहिली.