बिनधुराची भट्टी

नूरमहंमदने सळई गॅसिफायरच्या तोंडात खुपसली आणि अंगाचा सगळा भार टाकून दाबली. लाकडाच्या तुकड्यांचा गॅस करून भट्टीला पुरवणारं ते उभं लोखंडी पिंप सकाळपासून रुसलं होतं. आत कुठेतरी एक लांबोडकी ढलपी आडवी बसली होती. तिच्यावरचा माल खाली सरकत नव्हता. बर्नरची निळी ज्योत पिवळी पडली, दोनदा फडफडली आणि विझली. आत हवा ढकलणारा पंखा मात्र घुमतच राहिला. पत्र्याच्या फटीतून दाट, कडवट धूर बाहेर लोटला.

"गेली," तो म्हणाला. "पुन्हा गेली."

ओट्यावर बायका नानकटाईचे पत्रे मांडीवर घेऊन बसल्या होत्या. नाताळ तोंडावर आला की श्रीरामपुरातली कितीतरी ख्रिस्ती घरं पीठ घरी मळायची आणि भाजायला त्याच्या बेकरीत आणायची. ही रीत त्याच्या बापाच्या वेळेपासूनची. तेव्हा बाभळीचे ओंडके भट्टीत लोटले की काम भागायचं.

तेवढ्यात वरच्या खिडकीतून खोकल्याची उबळ ऐकू आली आणि तिच्या मागोमाग आवाज.

"नूरभाई! धूरच करायचा होता तर मशीन कशाला आणलं?"

शेजारच्या केशरबाई. नर्सची नोकरी करून निवृत्त झालेल्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची. धुराने दमा वाढतो अशी तक्रार नगरपालिकेत त्यांनीच केली होती. नोटीस आली, आणि नूरमहंमदला हे पिंप आणावं लागलं.

"तुमच्यासाठीच आणलं, सिस्टर!" तो वर बघून ओरडला. "तुमचीच कृपा सगळी!"

ओट्यावरच्या बायका आपापल्या पत्र्यांकडे बघू लागल्या. खिडकी धाडकन लागली.

पिंप बसवायला आलेल्या माणसाने सगळं फार सोपं करून सांगितलं होतं. वखारीतला टाकाऊ माल आणा. अंगठ्याएवढे तुकडे करा. भुसा चाळून काढा, नाहीतर हवा कोंडते. खिळे काढा. उन्हात कडक वाळवा. बस. त्यातला तो 'बस' नूरमहंमदच्या डोक्यात अजून ठसठसत होता. कोयता चालवून तळहाताला घट्टे पडले होते. मागच्या अंगणात दोन्हीकडच्या इमारतींमधून ऊन यायचं ते जेमतेम, आणि या आठवड्यात तर आभाळच दाटलेलं. रात्री झाकून ठेवलेले तुकडेही सकाळी दमट लागत. मोडायला गेलं की कट्कन तुटायचे नाहीत, नुसते वाकायचे.

"चाचा," ओट्यावरून दिपाली म्हणाली, "मला दुपारपाळीला जायचंय. दुसरीकडे नेऊ का?"

ही पोर आईच्या कडेवर बसून इथे यायची. नूरमहंमदने घाम पुसला.

"थांब गं जरा," असं म्हणत त्याची बायको फरीदा मागच्या दाराने आत आली. तिच्या काखेत एक भरलेलं पोतं होतं. ते तिने त्याच्या पायाशी टाकलं. आतले तुकडे टणटण वाजले.

"कुठून आणलंस?"

"आधी टाका तरी."

त्याने चिमट्याने आडवी ढलपी ओढून काढली, पिंप रिकामं केलं, नवा माल भरला आणि पेटवलं. थोडा धूर आला, मग विरला. ज्योत निळी झाली आणि निळीच राहिली. दिपालीचा पत्रा सगळ्यात आधी आत गेला.

दिवसभर भट्टी एकदाही अडली नाही. तरी नूरमहंमदच्या कपाळावरची आठी काही गेली नाही. एक दिवस निभावला, उद्याचं काय? पोतं तळाला लागलं होतं. संध्याकाळी ओट्यावरची गर्दी ओसरल्यावर तो अंगणात गेला. कालच्या ओल्या तुकड्यांचा ढीग जागेवर नव्हता. फरीदाही दिसेना. वर, शेजारच्या गच्चीवर, कोणीतरी खोकत होतं. खोकल्याच्या अधेमधे फरीदाचा आवाज.

नोटिशीनंतर तो त्या जिन्याची एक पायरीही चढला नव्हता. आज चढला. काय काय सुनवायचं ते पायरीगणिक जुळवत गेला.

गच्चीवर वारा होता. जुन्या चादरी अंथरून त्यांवर तुकडे विरळ पसरलेले. केशरबाई नाकाला रुमाल बांधून पाटावर बसल्या होत्या. एकेक तुकडा उचलून मोडून बघत होत्या. कट्कन बोलला तर पोत्यात, वाकला तर पुन्हा चादरीवर. फरीदा खाली पडलेला भुसा झाडत होती. त्याला बघून तिचा हात थांबला.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"दिवाळीपासून. घाईच्या दिवसांना म्हणून थोडं थोडं साठवत होतो."

"मला बोलली नाहीस."

"बोलले असते तर येऊ दिलं असतं?"

तो केशरबाईंकडे वळला. "सिस्टर, या भुशात बसून तुमचा दमा—"

"दम्यासाठीच बसलेय." त्यांनी मान वर केली नाही. "तुमच्यावर मेहेरबानी नाही. ओलं तुम्ही जाळता, खोकते मी."

जिन्यात जुळवलेलं सगळं त्याच्या तोंडातच राहिलं. रागही होता तसाच होता, फक्त तो कोणावर काढायचा हे कळेना. त्याने वाकून एक तुकडा उचलला, उलटसुलट केला.

"हे जाड राहिलेत," तो म्हणाला. "अडकतील."

"दिसतंय मला. माझ्या हातात तेवढा जोर नाही." केशरबाईंनी हनुवटीने कठड्याकडे दाखवलं. "कोयता तिथे आहे."

नूरमहंमद विजार सावरून खाली बसला, कोयता ओढून घेतला आणि सवयीने धारेवर अंगठा फिरवला. धार ताजी लावलेली होती. कोणी लावली, हे त्याने विचारलं नाही.