डुक्कर-कारभारी

झिमरी थॅक्स्टर डुकरिणीला दोन्ही गुडघ्यांत आवळून चिखलात बसला होता, आणि कुंपणावर कोपरं टेकून असाहेल ब्रिग्ज ते चवीनं बघत होता.

“घट्ट धरा, साहेब! माँटपेलियरच्या खुर्चीपेक्षा जरा जास्त हलते ही.”

अकरा वर्षं थॅक्स्टरनं राजधानीत, माँटपेलियरला, राज्याच्या विधानसभेत गावाची बाजू मांडली होती. मार्चच्या गावसभेत त्याला डुक्कर-कारभारी, म्हणजे गावची मोकाट डुकरं आवरणारा, नेमायची टूम असाहेलचीच. वर्षभरात ज्याचं लग्न झालं त्याच्या गळ्यात हे पद घालायचं, पोट धरून हसायचं आणि विसरून जायचं, ही गावची रीत. एकसष्टाव्या वर्षी विधवा थँकफुलशी लग्न करून थॅक्स्टर आयताच सापडला होता. असाहेलचं गणित सरळ होतं: मार्चमध्ये गाव ज्याला हसतं, त्याला सप्टेंबरच्या निवडणुकीत मत देत नाही. ती खुर्ची मग कुणाला, हे तो मोठ्यानं बोलत नसे.

थॅक्स्टर मात्र हसला नाही, चिडलाही नाही. गावचा चिटणीस असाहेलच, तो वही मिटू लागला तेव्हा थॅक्स्टर म्हणाला, “माझी शपथ राहिली.”

या पदाची शपथ आजवर कुणी मागितली नव्हती. थॅक्स्टरनं ती उभ्यानं, टोपी काढून घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून चिमटा घेऊन दारोदार फिरू लागला. मोकाट डुकराच्या नाकात कडी घालावी, म्हणजे ते बागा उकरत नाही, असा कायदा होता. एप्रिल संपेतो गावातलं एकूणएक डुक्कर कडीवालं झालं. हसणारे खाकरू लागले.

राहिली असाहेलची डुकरीण. तिच्या कुंपणाची फळी काल असाहेलनं स्वतःच उचकटली होती. डुकरीण नेमकी थँकफुलच्या वाटाण्यात शिरली, आणि थॅक्स्टरला तिला हाकत इथवर यावं लागलं.

त्यानं खिशातून कडी काढली आणि थांबला. नऊ पिलं आचळं शोधत त्याच्या बुटांवर चढत होती.

“कडी घातली तर चार दिवस खाण्याला तोंड लावणार नाही ही. दूध आटेल.”

“आटेना का! कायद्यात लेकुरवाळीला सूट नाही. कुणी लिहिला म्हणे तो?”

“मीच. तेव्हा डुक्कर इतक्या जवळून पाहिलं नव्हतं.”

“मग काय, पिलं मारता की शपथ मोडता?”

थॅक्स्टरनं गुडघे सैल सोडले. डुकरीण उसळून कोपऱ्यात गेली, पिलं तिच्या मागं. तो कमरेवर हात ठेवून सावकाश उठला.

“वहीत लिही. डुक्कर-कारभाऱ्यानं शपथ मोडली. तारीख घाल. सप्टेंबरात सभेपुढं वाच, मी नाही म्हणणार नाही.”

“आणि थँकफुलबाई? वाटाणा त्यांचा गेलाय.”

“दोन दिवस बोलायची नाही माझ्याशी. पिलांना ते काय ठाऊक?”

असाहेलला हवं होतं ते हेच, अगदी तारखेसकट. त्यानं हात खिशात घातले, पुन्हा बाहेर काढले. मग गोठ्यातून हातोडा आणून तो फळी जागेवर बसवू लागला.

“हे काय?”

“कायदा मोकाट डुकराचा ना? ही कुठं मोकाट आहे?”

उपसलेल्या खिळ्यांच्या सरळ भोकांवरून थॅक्स्टरनं बोट फिरवलं. मग तो फळीचं दुसरं टोक धरून उभा राहिला.

“माँटपेलियरला गेलात की,” खिळ्यावरची नजर न काढता असाहेल म्हणाला, “लेकुरवाळीचं तेवढं घालून या कायद्यात.”