दोन्हीकडचं ठिगळ

स्टेजवरून त्या माणसाने माझ्या विमानाला ‘आमचं बाळ’ म्हटलं आणि माझं डोकंच फिरलं. कळा मी सोसल्या, आणि हा बारशाचे पेढे वाटत उभा!

माणूस म्हणजे महेश्वर, पुण्याचा. कॉम्प्युटरवर विमानं उडवणाऱ्या हौशी लोकांचा एक गट तो चालवतो. विमान म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं वेलिंग्टन बॉम्बर, सिम्युलेटरमध्ये उडवायचं मॉडेल. आणि मी दानेश्वरी बिराजदार, अक्कलकोट रोडवरच्या एका कारखान्यात चादरींच्या नक्ष्या काढते.

गटात मी शिरले ती नुसती खेळायला. पण या बॉम्बरचे जुने फोटो पाहिले आणि अडकले. आतून तिरक्या पट्ट्यांची जाळी आणि तिच्यावर ताणून बसवलेलं कापड. पत्रा नाही, कापड! असलं विमान सोलापूरच्या बाईने करायचं नाही तर कुणी? महेश्वरने सगळ्यांसमोर शब्द दिला होता, जो करेल त्याचं नाव. मग दोन वर्षं मी कारखान्यातून यायची, भाकरी खायची आणि कॉम्प्युटरपुढे बसायची. पट्ट्या, खिडक्या, बंदुका, पंखावर ओघळलेलं तेल, सगळं माझ्या हातचं. मॉडेल फुकटच वाटायचं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. विमान सुरू होताना पडद्यावर जे नाव येतं, ते माझं हवं होतं, एवढंच. माझ्या नक्ष्या घराघरात अंथरल्या जातात आणि चादरीच्या कोपऱ्यात नाव असतं कारखान्याचं. निदान इथं तरी माझं असावं.

मॉडेल बाहेर पडलं. नाव आलं, ‘निर्मिती : महेश्वर आणि मित्रमंडळी’.

मित्रमंडळी! गणपती बसवलाय का? मी तिथल्या तिथं फोन लावला.

“अहो ताई, कापडाचं काम तुम्ही सुरेख केलंत,” तो म्हणाला. “पण विमान म्हणजे नुसतं कापड नव्हे.”

“मग बाकीचं कोणी केलं?”

“तसं नाही, सगळ्यांचाच हातभार असतो.” पुढे त्याने माझा फोन उचललाच नाही.

आणि आता तो सोलापुरात, एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रदर्शनात तेच विमान उडवून दाखवणार होता. मी रजा टाकली आणि अव्वाला सोबत घेतलं. अव्वा म्हणजे माझी आई, जगदेवी. भांडायला एकीपेक्षा दोघी बऱ्या.

हॉल भरलेला होता, पंखे गरम हवाच फिरवत होते. महेश्वरने ‘आमचं बाळ’ म्हणत विमान मोठ्या पडद्यावर सगळीकडून फिरवून दाखवलं. प्रमुख पाहुणे वायुसेनेतून निवृत्त झालेले वैमानिक होते. ते खुर्चीत पुढे सरकले.

“डाव्या बाजूला शेपटीजवळ ठिगळ दिसतंय. काय आहे ते?”

“गोळ्या लागून कापड फाटलं होतं, सर. जुन्या फोटोवरून हुबेहूब केलंय,” महेश्वर फुगून म्हणाला.

“मग उजवीकडेही तेच? तीच जागा, तोच उसवलेला कोपरा?”

दोन वर्षांत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. चादरीची नक्षी आम्ही अर्धीच काढतो, आणि ती उलटवून दुसरी अर्धी जोडतो. हाताला तीच सवय. विमानाची एक बाजू पुरी केली, ठिगळासकट, आणि दिली उलटवून. चादरीला हे शोभतं. विमानाला दोन्हीकडून सारख्याच गोळ्या कशा लागतील?

महेश्वर गडबडला, पण क्षणभरच. “खरं सांगू का सर, उजवी बाजू मी केली. फोटोतलं ठिगळ उजवीकडचंच आहे. डावी बाजू इथल्याच एका ताईंना दिली होती. दानेश्वरीताई, त्या काय तिथं बसल्यात. चादरी करतात. त्यांच्याकडून चुकून माझंच ठिगळ तिकडेही गेलं.”

लोक हसले. दोन वर्षांत त्याने माझं नाव पहिल्यांदा चारचौघांत घेतलं, ते असं. संतापाने माझे कान तापले. मी उठले. अव्वाने ओढणी ओढली, मी ती सोडवून घेतली.

“चूक माजीच हाय,” मी म्हणाले. “पण फोटो दावा की सगळ्यांना.”

“त्याची आता काय गरज आहे?” महेश्वर म्हणाला.

“लावा,” पाहुणे म्हणाले.

फोटो लागला. धावपट्टीवर उभं विमान, नाक आमच्या डाव्या हाताला, आणि शेपटीजवळ ठिगळ.

पाहुण्यांना वेळ लागला नाही. “ही तर विमानाची डावी बाजू आहे.”

“व्हय. म्हंजी खरं ठिगळ डावीकडचं. डावी बाजू मी केली, हे आत्ता तेच म्हणाले. चुकीचं ठिगळ हाय उजवीकडं, त्यांच्या बाजूला. माजं ठिगळ तितं कसं गेलं, इचारा की. डावी आन् उजवी एकावर एक ठेवून बगा.”

पाहुण्यांनी त्याला तसं करायला लावलं. बाजू उलटून एकमेकींवर बसल्या. ठिगळ, उसवलेला कोपरा, खिडक्या, पंखावरचा तेलाचा ओघळसुद्धा, कुठे केसाचा फरक नाही. एकीवरूनच दुसरी निघाली होती, आणि ती एक कुणाची हे त्यानेच माइकवर सांगून टाकलं होतं. आता कोणी हसत नव्हतं.

महेश्वर खाली आला, हळू आवाजात म्हणाला, “ताई, गैरसमज झाला. आधी ते उजवीकडचं ठिगळ काढून टाकू या, मग नावाचं निवांत बघू.”

“न्हाय,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “आदी नाव. ठिगळ गेलं की तुमी परत मित्रमंडळी व्हाल. बसा, लिवा. दानेश्वरी मडिवाळप्पा बिराजदार, सोलापूर.”

त्याने पाहुण्यांकडे पाहिलं. पाहुण्यांनी खुर्चीकडे बोट केलं. तो बसला आणि त्याने लिहिलं. मग मी त्याला उठवून तिथे बसले आणि उजवीकडचं ठिगळ काढलं.

विमान पुन्हा सुरू केलं. पडद्यावर माझं नाव आलं, वडिलांच्या नावासकट, आणि गेलं. अव्वा सावकाश वाचते. ती अजून मडिवाळप्पापर्यंतच पोचली होती.

“ए,” तिने महेश्वरला हाक मारली, “परत एकदा लाव की रे.”

त्याने परत लावलं.