एकादशीचं हसू

माझ्या चेहऱ्यावर आयुष्यात कधी काही लपलं नाही. अफझलगंजच्या बाजारात आमचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. तिथे गिऱ्हाईक माझं तोंड बघूनच ओळखायचं की घासाघीस करायला अजून जागा आहे. सोयरीक जमवायला मला कुणी बरोबर नेत नसे, मुलगी पसंत नसली तर दारातच कळायचं म्हणून. आणि माझ्या बायकोला, त्रिवेणीला, तर मी बोलायचीही गरज नव्हती. पहिला घास तोंडात गेला की ती माझ्याकडे बघायची आणि मीठ कमी पडलं की जास्त झालं ते तिला समजायचं.

मग पार्किन्सन आला. हात थरथरतो, पाय उंबऱ्याशी चिकटतात, हे चारचौघांना दिसतं. विचारही हळू झाले. उत्तर सापडेपर्यंत विचारणारा दुसऱ्या विषयावर पोचलेला असतो. पण या रोगाची मोठी चोरी वेगळीच आहे. त्याने माझा चेहरा नेला. आतून मी हसत असतो आणि बाहेर एक रेषही हलत नाही.

त्रिवेणी बिदरकडच्या औरादची. औषधाबाबत तिचा एकच नियम, रिकाम्या पोटी गोळी घ्यायची नाही. म्हणून दुपारी आधी घट्ट वरण-भात, वर तूप, मग गोळी आणि त्यावर पेलाभर दूध. "कसं झालंय?" असं ती विचारायची. मी "छान" म्हणायचो, पण आवाज पुटपुटल्यासारखा आणि तोंड असं, की समोर इन्कम टॅक्सवाला बसलाय. दुसऱ्या दिवशी वरण आणखी घट्ट व्हायचं, सोबतीला मोडाची मटकी यायची, पनीर यायचं. तरी माझं तोंड तसंच.

आम्ही दोघंही एकादशी धरतो. शेंगदाणा मला सोसत नाही, त्यामुळे त्या दिवशी माझ्या वाट्याला नुसती उकडलेली रताळी आणि केळी, गोळीवर दुधाऐवजी पाणी. आणि दर एकादशीला मी बरा असायचो. गोळी घेतली की पाय सुटायचे, नारायणगुड्याच्या चौकातून फुलं आणायचो, त्रिवेणीची चेष्टा करून खदखदून हसायचो. मी त्याचं श्रेय पांडुरंगाला देऊन मोकळा झालो होतो. त्रिवेणीने मात्र मनात वेगळंच जुळवलं होतं.

एका द्वादशीला तिने पुरणाचं ताट माझ्यापुढे ठेवलं. मी पहिला घास घेतला. ती बघत राहिली आणि मग समोरच बसली.

"एक विचारू का? खरं सांगा."

"विचार."

"मी सैपाक करत नाही त्याच दिवशी तुमचं तोंड उजळतं. एकादशीला हसता, आन् द्वादशीला माझं ताट बगितलं की तोंड फुगवता. माझ्या हातचं नक्को झालंय का तुम्हाला?"

मला जोरात नाही म्हणायचं होतं. शब्द शोधला, सापडला, जिभेपर्यंत आणला, तोवर ती उठली होती.

"उगी मन राखू नका. तुमचं तोंड मला वाचता येतं," ती म्हणाली.

गोची नेमकी तिथेच होती.

संध्याकाळी तिने पुण्याला आमच्या मुलाला, प्रकाशला, फोन लावला. थोडे महिने तुझ्याकडे राहायला येते, बाबांना सैपाकीण लावून देते, म्हणाली. रागाने नाही, अगदी शांतपणे. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं होतं तेव्हासुद्धा मी इतका भ्यालो नव्हतो. पार्किन्सनसोबत मी राहीन, पण आपण नवऱ्याला नकोशा झालो असं समजून ही गेली, तर मी कसला राहतोय.

ती देवळात गेली असताना वरच्या मजल्यावरची भाडेकरू केतकी पुरणाचा डबा परत द्यायला आली. पुण्याची पोर, इथल्या एका संस्थेत मेंदूतल्या प्रोटीनांवर संशोधन करते. मराठीत बोलायला सुरुवात करते आणि इंग्रजीत संपवते. पण एक गुण मोठा, माझं वाक्य पुरं होईपर्यंत ती थांबते. तिला मी सगळं सांगितलं.

"काका, गोळी आणि डाळ एकदमच घेता?" तिने विचारलं.

"दूधपण."

ती जिन्याच्या पायरीवर बसली. "ऐका. तुमच्या मेंदूत एक प्रोटीन चुकीची घडी पडून गुठळ्या करून बसतं. त्यात डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरतात. डोपामिन कमी, म्हणून पाय अडतात, थिंकिंग स्लो होतं, फेससुद्धा हलत नाही. तुमच्या गोळीपासून आत गेल्यावर डोपामिन तयार होतं. पण आत जायला तिला दारावरचं दुसरं एक प्रोटीन लागतं. दिलसुखनगरची शेअर ऑटो समजा. सीट्स लिमिटेड. डाळ-दूध पचलं की त्याचे तुकडेही त्याच ऑटोला हात करतात."

"आणि तुझ्या काकूचं वरण म्हणजे जत्रा."

"एक्झॅक्टली. गोळी स्टॉपवरच उभी."

"आणि एकादशीला?"

"रताळ्यात प्रोटीन नसल्यातच जमा. ऑटो रिकामी. पण काका, आपल्या मनाने काही बदलायचं नाही हं. डॉक्टरांना विचारा."

तिनेच फोन लावून दिला. डॉक्टर म्हणाले, बरोबर आहे. गोळी जेवणाच्या बरीच आधी, नुसत्या पाण्याबरोबर घ्या. डाळ-दूध सोडू नका, पण त्यातलं बरंचसं रात्रीच्या जेवणात घ्या.

आता उरलं त्रिवेणीला सांगणं. तिथे मी अडलो. तुझं जेवण मला आवडतं हे पटवायचं, तर तुझ्याच जेवणाने औषध अडवलं हेही सांगावं लागणार. एक काटा काढायला दुसरा टोचायचा. रात्रभर मी वाक्यं जुळवत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या नकळत गोळी पाण्याबरोबर घेतली आणि खुर्चीत बसून राहिलो. बोलायचं तर चेहऱ्यासकट बोलायचं, असं ठरवलं होतं. पाय हलके झाले तसा उठून स्वयंपाकघरात गेलो. ती वरणाला फोडणी देत होती. मी सगळं सांगितलं, ऑटोसकट. तिने गॅस बंद केला.

"म्हणजे इतके दिवस मीच तुम्हाला अडवून ठेवलं."

"डाळीने. तू नाही."

"डाळ कुणी शिजवली मग?"

"आणि मी आवडीने खाल्ली ती. त्रिवेणी, तू या घरात आलीस त्या दिवसापासून मला तुझं वरण आवडतं. तू आवडतेस. तोंडाने कधी म्हणालो नाही, चेहरा म्हणायचा. तो गेला तेव्हाही आत मी तसाच होतो. बघ माझ्याकडे."

तिने बघितलं. मी हसत होतो आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं, दोन्ही एकदम.

"आज एकादशी नाही," ती म्हणाली.

"नाही."

तिने पदर डोळ्यांना लावला आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. फोडणीचा वास घरभर पसरला होता. प्रकाशला फोन तिने मग तिथूनच केला. मी येत नाही, तूच पोरांना घेऊन ये, म्हणाली.

दुपारचं वरण रात्री पानात आलं. तोवर गोळीचा जोर ओसरला होता आणि माझा चेहरा पुन्हा बंद झाला होता. मी पहिला घास घेतला. सवयीने त्रिवेणीने माझ्याकडे बघितलं. मी "छान" हा शब्द शोधायला लागलो. तो कुठेतरी मागे राहिला होता, यायला वेळ लावत होता.

"घास गिळा आधी. घाई नाही," ती म्हणाली.

माझ्या न हलणाऱ्या तोंडाकडे ती सावकाश बघत राहिली. मग म्हणाली, "आवडलंय तुम्हाला." आणि न विचारता आणखी एक पळी वाढली.